हवालदाराचे श्वास

१९ फेब्रुवारी

डॉक्टरसाहेब,

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझा तक्ता जानेवारीच्या शेवटी आला. तेव्हापासून रोज दुपारी कागद काढतो आणि घडी घालून ठेवून देतो. तुला पत्र लिहायचं म्हणजे आधी मनातल्या मनात तुझ्याशी भांडण होतं, आणि ते संपेपर्यंत चार वाजतात. आशीर्वाद लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तू माझ्याशी बोलत नाहीस, म्हणून मी काही तुझ्या बहिणीचा नवरा व्हायचा राहत नाही.

तू जानेवारीत हवालदाराचं हृदय बघायचं मशीन घेऊन आलास तेव्हाचंच आधी लिहितो, कारण ते पोटात राहिलं तर बाकीचं लिहिता येणार नाही. हवालदाराला जाळीला छाती लावून, डावा हात वर धरून बसायला शिकवायला मला आठ महिने लागले. चिंपांझीला भूल न देता त्याची छाती तपासता येते ती त्या आठ महिन्यांमुळे. आणि तू जाळीपाशी माझ्यापासून हातभर अंतरावर उभा राहून प्राणीसंग्रहालयाच्या डॉक्टरीणबाईंना सांगत होतास, "त्यांना म्हणावं, जरा डावीकडे घ्या." मी म्हटलं, "मी बहिरा नाही." तर तू परत बाईंनाच, "त्यांना म्हणावं, आवाज करू नका, तो हलतोय." त्या बिचाऱ्या मधे उभ्या राहून तुझं मला आणि माझं तुला पोचवत होत्या. हवालदारसुद्धा एकदा तुझ्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. त्याचं हृदय फुगलंय हेही मला बाईंकडूनच कळलं. तू हात धुतलेस आणि गाडीत बसलास.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. पण हवालदार दुसऱ्या कुणाच्या हातून गोळी घेत नाही. खजुरात लपवून दिली तर खजूर खातो आणि गोळी थुंकतो. म्हणून प्राणीसंग्रहालयाने मला परत बोलावलं. त्याला हवालदार का म्हणतात ते तुझ्या ताईने तुला सांगितलं असेल. सकाळ-संध्याकाळ तो पिंजऱ्याला आतून एक फेरी घालतो आणि प्रत्येक कुलूप ओढून बघतो. चाळिशी उलटली तरी फेरी चुकलेली नाही.

आता कामाचं. तू तक्त्यावर छापलंयस की प्राणी झोपलेला असताना एका मिनिटाचे श्वास मोजून लिहा, पंचवीसच्या वर गेले तर कळवा. हवालदार दुपारी जेवल्यावर झोपतो. तिथे मी सोडून कुणी आलं तर उठून बसतो, म्हणून मोजायचं काम माझ्यावरच आहे. मोजले. छत्तीस. दुसऱ्या दिवशी चौतीस. परत छत्तीस.

श्वासांचा आकडा मी तुला चार वर्षांपूर्वीही एकदा कळवला होता, तुझ्या ताईचा. तेव्हा तू काय केलंस ते तुला आठवत असेल. या वेळी तरी वेळेवर काहीतरी कर.

तुझा भाऊजी


२४ फेब्रुवारी

ती. भाऊजी,

पत्र मिळालं. छत्तीस हा आकडा तीन आठवड्यांनी कळवायचा नसतो, त्याच दिवशी कळवायचा असतो. तुम्ही माझ्याशी भांडण पूर्ण करून मग कागद काढत असाल, तर ते भांडण सकाळी लवकर सुरू करत जा.

हृदयाला रक्त पुढे ढकलणं झेपत नसलं की फुप्फुसात पाणी उतरतं आणि श्वास वाढतो. ते पाणी लघवीवाटे काढणारी गोळी चालू आहे. सकाळी एक देत होतात, आता सकाळी एक आणि दुपारी एक द्या. लघवी वाढेल. पाणी प्यायला मोकळं ठेवा. आकडा दर आठवड्याला पाठवा.

फोन करू नका. फोनवर आपण दोघंही ओरडतो. माझ्यासमोर टेबलावर कुत्री-मांजरं असतात, त्यांच्या हृदयाचे ठोके मोजायचे असतात, आणि माझा आवाज चढला की त्यांचे ठोके चढतात. मग मालकाला वाटतं आजार वाढला.

एक आणखी. तक्त्यात तारीख, वेळ, श्वास आणि गोळी असे चार रकाने आहेत. ताईचा रकाना नाही. त्यात तिला लिहू नका.

— डॉक्टर


६ मार्च

डॉक्टरसाहेब,

दोन गोळ्या चालू केल्या. तक्ता सोबत आहे. चौतीस, छत्तीस, अडतीस, छत्तीस, चौतीस. एक दिवस बत्तीस झाले तेव्हा मी बाईंना सांगायला धावत गेलो. त्या हरणाच्या पायाला पट्टी बांधत होत्या. म्हणाल्या, "बसा काका, आधी तुमचाच श्वास मोजते." दुसऱ्या दिवशी परत छत्तीस.

तो लघवीला सारखा जातो. पाण्याच्या नळाशी बसून असतो. संध्याकाळची फेरी त्याने परवा अर्ध्यात सोडली. मागच्या दाराच्या कुलपापर्यंत गेला, हात लावला, ओढलं नाही, तिथेच टेकला. चाळीस वर्षांत मी हे पाहिलेलं नाही. मी सातवीत शाळा सोडलेला माणूस आहे, पण जनावर बरं होतंय की खचतंय एवढं मला पुस्तकाशिवाय कळतं.

तू लिहितोस ताईचा रकाना नाही. मग मी तक्त्यात लिहीत नाही, पत्रात लिहितो. पत्र माझं आहे.

त्या दिवशी दुपारी दोन वाजता तुला फोन केला. म्हटलं, तिच्या छातीत जड वाटतंय, श्वास मोजले, चाळीस आहेत. तू म्हणालास, "भाऊजी, तुम्ही घाबरून मोजताय. पुन्हा मोजा. उशी उंच करा, तुमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना बोलवा, मी उद्या सकाळी येतो." मागे कुत्रा कण्हत होता, तो मला इकडे ऐकू येत होता. तू त्या कुत्र्यासाठी थांबलास. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती कपडे वाळत घालताना दोरीखाली बसली ती उठलीच नाही, आणि तू साडेअकराला आलास. हृदयाचा डॉक्टर म्हणवतोस. वाघाचं हृदय तपासायला विमानाने जातोस. सख्ख्या बहिणीला चाळीस श्वास लागत होते ते तुला फोनवर सांगूनही कळलं नाही.

हे मी तेराव्याला सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हा तू ताटावरून उठून गेलास. आता लिहून देतो. कागदावरून उठून जाता येत नाही.

हवालदाराचं काय ते लवकर कळव.

तुझा भाऊजी


११ मार्च

ती. भाऊजी,

आठवडाभर दुप्पट गोळी देऊन आकडा हलत नाही, याचे तीनच अर्थ होतात. एक, गोळी पोटात जात नाही. दोन, मीठ पोटात जातंय. तीन, आकडा चुकीचा आहे.

मिठाबद्दल मला शंका आहे. तुम्ही स्वतःच्या डब्यातलं हवालदाराला देता हे मला ताईनेच सांगितलं होतं. "दोन माणसांचा डबा भरते, एक नवरा आणि एक माकड," असं म्हणायची. हृदयाच्या रोग्याला ते विष आहे. आकड्याबद्दलही शंका आहे. तुम्ही घाबरलात की प्रत्येक गोष्ट फुगते. ताप असेल तर तुमच्या थर्मामीटरला तो नेहमी जास्त दिसतो.

तरीही माझ्यापुढे जो आकडा येतो त्यावरच मला ठरवावं लागतं. मी तीन तास लांब आहे आणि पंचवीस तारखेपर्यंत इथून हलू शकत नाही. गोळी सकाळी दोन, दुपारी दोन करा. मीठ बंद. पंधरा दिवसांनी रक्त तपासायला सांगतो.

आता तुमच्या पत्राबद्दल, आणि यानंतर नाही. तुम्ही दोन वाजता फोन केलात हे खरं. मी पुन्हा मोजा म्हणालो हेही खरं. पण मला चैन पडलं नाही म्हणून मी साडेचारला घरी फोन केला, हे तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही घरात नव्हतात. फोन ताईने उचलला. म्हणाली, "ते गेलेत त्या हवालदाराला पपई द्यायला. मी बरी आहे, तू तुझं काम कर." चाळीस श्वास घेणाऱ्या बायकोला एकटी घरात ठेवून तुम्ही चिंपांझीला पपई द्यायला गेलात. मी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. त्या दिवसापासून दर वेळी कुणी मला श्वासांचा आकडा सांगतं तेव्हा मला चाळीस ऐकू येतो. तेवढं तुमचं काम झालंय. आणखी करू नका.

— डॉक्टर


२३ मार्च

डॉक्टरसाहेब,

हवालदार दोन दिवस उठलेला नाही. फेरी बंद आहे. ओठ कोरडे पडलेत, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. पपई तोंडाजवळ नेली तर तोंड फिरवतो. माझ्याकडे बघतो ते असं बघतो की मीच काहीतरी केलंय. तू त्याला वाळवतोयस. बाई म्हणतात, तज्ज्ञांनी लिहून दिलंय, मी कशी बदलू. तज्ज्ञ म्हणजे तू.

मीठ नाही. देवाशपथ नाही. जानेवारीपासून माझा डबा मी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवतो आणि तिथेच उभ्याने खातो. गोळी माझ्यासमोर गिळतो, मी तोंड उघडायला लावतो, जिभेखाली बोट घालून बघतो. अंगठ्याला दोनदा दात लागलेत, पाहिजे तर येऊन बघ.

आणि आकडा फुगवतो म्हणालास. याचा मला सगळ्यात राग आलाय, म्हणून नीट लिहितो, म्हणजे कळेल कोण कामात कच्चं आहे ते. तो झोपला की मी अर्धा तास थांबतो, झोप गाढ होऊ देतो. मग काचेशी स्टुलावर बसतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला की सुरू करतो. छाती वर आली की एक, खाली गेली की दोन. वर आली की तीन, खाली गेली की चार. एकही सोडत नाही. काटा परत बारावर आला आणि श्वास आत घेतलेला असेल, तर तो बाहेर सोडेपर्यंत थांबतो आणि तोही धरतो, अर्धवट सोडत नाही. रोज तीनदा मोजतो आणि मधला आकडा लिहितो. तुझ्या दवाखान्यातली शिकलेली माणसं एवढं करतात का ते विचार त्यांना.

असेच चाळीस मोजले होते. तेव्हाही म्हणालास पुन्हा मोजा.

हा मेला तर ते तुझ्या नावावर दुसरं.

भाऊजी


२५ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आज सकाळी अकराला वाचलं आणि अकरा वाजून दोन मिनिटांनी बाईंना फोन केला. गोळी पूर्ण बंद. दर अर्ध्या तासाला पाणी, फळांच्या रसात घालून, तुमच्या हाताने. पितो तेवढं पाजा. रक्त आजच घेतलं जाईल. हे पत्र पोचेपर्यंत तुम्हाला हे सगळं कळलेलं असेल, तरी का ते लिहितो.

छाती वर येऊन खाली गेली की एक श्वास होतो. दोन नाही. हवालदाराचे श्वास कधीच छत्तीस नव्हते. अठरा होते. सतरा होते. एकोणीस होते. त्याच्या फुप्फुसात पाणी नव्हतंच, आणि नसलेलं पाणी काढायला मी महिनाभर गोळी वाढवत गेलो. मूत्रपिंडं सुकली. मी वाळवलं हे तुमचं म्हणणं बरोबर आहे.

मी तुमचे सगळे तक्ते पुन्हा काढून बसलो. एकेचाळीस नोंदी, आणि एकही विषम आकडा नाही. एकेचाळीस वेळा सम. हे मला पहिल्या आठवड्यात दिसायला हवं होतं. मी आकडे वाचत होतो तेव्हा तुमच्यावर चिडलेला होतो, म्हणून फक्त मोठे आहेत एवढंच दिसलं.

माझ्या दवाखान्यात रोज दहा माणसं येतात. प्रत्येकाच्या हाताचा तळवा मी त्याच्याच कुत्र्याच्या बरगडीवर ठेवतो आणि मोठ्याने मोजून दाखवतो, वर-खाली एक, वर-खाली दोन. बाईमाणूस असो, प्राध्यापक असो, दाखवल्याशिवाय सोडत नाही, कारण ही चूक कुणीही करू शकतं. तुम्हाला दाखवलं नाही. तुमच्याशेजारी एक मिनिट उभं राहायला लागलं असतं. त्याऐवजी मी छापील तक्ता पाठवला.

ही माझी चूक लिहून झाली. तुमची चूक अशी की काही न समजता तुम्ही इतक्या खात्रीने केलंत, आणि एकदाही कुणाला विचारलं नाही.

आता एक प्रश्न, आणि याचं उत्तर मला लेखी हवंय. तुम्ही लिहिलंय, असेच चाळीस मोजले होते. असेच म्हणजे कसे? ताईची छाती वर आली की एक आणि खाली गेली की दोन, असं का? एवढंच कळवा. बाकी काही लिहू नका.

— डॉक्टर


१४ एप्रिल

भाऊजी,

हवालदाराबद्दल बाईंकडून कळतं. उठून बसतो, रस पितो, रक्तातला मूत्रपिंडाचा आकडा निम्म्यावर आला. पूर्ण खाली येणार नाही, तेवढं नुकसान राहणार.

तुमच्याबद्दल कळत नाही. प्रश्न एका ओळीचा होता आणि वीस दिवस झाले. तुम्ही एरवी चार पानं लिहिता.

— डॉक्टर


२ मे

डॉक्टरसाहेब,

या वेळी उशिराची माफी मागत नाही. मुद्दाम उशीर केला. उत्तर देणारच नव्हतो. चार वर्षं मी ते चाळीस श्वास धरून बसलोय. घरात दुसरं कुणी नाही. सकाळी उठलो की चहा ठेवायच्या आधी मी तुला दोन शब्द सुनावतो, मग दिवस सुरू होतो. ते सोडून देऊन मी काय करायचं, हे तुझ्या एका ओळीच्या प्रश्नात नव्हतं.

पण काल जे झालं त्यामुळे लिहावं लागतंय.

गोळी बंद झाल्यावर हवालदार सुधारला. बाईंनी मला काचेशी उभं करून, माझ्या खांद्यावर टिचक्या मारत नवीन मोजायला शिकवलं, वर-खाली एक. म्हाताऱ्याला पाढे शिकवावेत तसं. मी ऐकून घेतलं. महिनाभर अठरा, सतरा, एकोणीस येत होते. एकोणीस लिहिताना मी पेन थांबवून दोनदा बघितलं. मग परवा बावीस आले. काल सव्वीस. तो बसूनच झोपला होता, भिंतीला पाठ लावून. आडवा झाला की उठून बसतो. मी पाच वेळा मोजले. सव्वीस, सव्वीस, सत्तावीस, सव्वीस, सव्वीस.

बाईंनी लगेच तुला फोन केला, मी शेजारीच उभा होतो. त्यांनी सव्वीस सांगितले. तू विचारलंस, "मोजले कुणी?" त्यांनी सांगितलं. मग तुझा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, "पुन्हा मोजायला सांगा. आठवडाभर बघू." बाईंनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "काका, त्यांचा तुमच्यावर विश्वास नाही." मी म्हटलं, "मला माहीत आहे." म्हणाल्या, "मी मोजू म्हटलं तर तो माझ्यासमोर झोपत नाही. मूत्रपिंडं आधीच खराब झालीत, त्यामुळे त्यांच्या शब्दाशिवाय मी गोळी चालू करणार नाही. तुम्ही दोघं काय ते एकदाचं मिटवा."

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

हो. असेच. तुझी ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. मी समोर खुर्ची घेतली आणि घड्याळ बघत मोजले. छाती वर आली की एक, खाली गेली की दोन. मला दुसरी रीत माहीतच नव्हती, कुणी शिकवली नव्हती. तिने विचारलं, "किती झाले?" मी म्हटलं चाळीस. ती म्हणाली, "बापरे, म्हणजे पळून आल्यासारखं झालं की." आणि हसली. धाप लागलेलं माणूस असं हसत नाही. ते मला बाईंनी नवीन मोजायला शिकवलं त्या दुपारी कळलं, घरी चालत येताना. मी रस्त्यातच दुकानाच्या पायरीवर बसलो.

चाळीस नव्हते. वीस होते.

दुसरीही एक गोष्ट आहे, ती तू विचारलेली नाहीस. गल्लीतले डॉक्टर तीन वाजता येऊन गेले होते. त्यांनी नळी लावून बघितलं आणि म्हणाले, श्वास ठीक आहे, पोटात गॅस झाला असेल, उद्या दवाखान्यात या, ईसीजीची पट्टी काढू. त्यांच्या त्या शब्दावर मी चार वाजता पपई घेऊन गेलो. हे मी तेराव्याला सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर माझ्या चाळीसचं काय झालं असतं? ती गेल्यापासून मला तर ते डॉक्टरच चुकलेत असं वाटत होतं. ते बरोबर होते. निदान श्वासाच्या बाबतीत.

तेव्हा तुझी चूक नव्हती, असं आता मी लिहायला पाहिजे. लिहायला गेलो तर हात होत नाही. वीस श्वासांवर कुणीच धावत येत नाही, हे मला समजतं. पण तू यायला हवं होतंस. डॉक्टर म्हणून नाही. तिने मला सकाळीच म्हटलं होतं, धाकट्याला बोलवा, बरेच दिवसांत आला नाही. म्हणून मी फोन केला. साधं ये म्हटलं असतं तर तू कामाचं कारण सांगितलं असतंस, म्हणून आधी श्वास मोजायला बसलो. आणि मी पपई द्यायला जायला नको होतं. हे दोन्ही तसंच राहतं. मला वाटलं होतं, आकडा सोडला की राग जाईल. राग गेला नाही, फक्त तो ठेवायला जागा राहिली नाही.

तू माझ्यावर काय राग धरायचा तो धर, तुला आता माझ्यापेक्षा जास्त कारण आहे. मला पुन्हा पत्र लिहू नये असं वाटलं तर नको लिहूस. पण मी हवालदाराचे श्वास कसे मोजले ते ऐक. वर आली, खाली गेली, एक. काटा बारावर ते बारावर. डोळे मिटून नाही, घाबरून नाही. पाच वेळा. सव्वीस आहेत. खरे सव्वीस. आज सकाळी त्याला जाळीशी बोलावलं, तर छाती लावली, पण हात वर धरवेना, दोनदा खाली आला. तिसऱ्या वेळी मी माझा हात जाळीतून घालून त्याचं मनगट धरलं तेव्हा टिकला. तू मशीन घेऊन आलास तर तेवढा वेळ मी असाच धरून उभा राहीन. तू मला थेट सांग, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या. मी ऐकेन.

बाई या पत्राचा फोटो काढून आत्ताच तुला पाठवतायत. त्या फोन हातात घेऊनच बसल्यात. अर्धी गोळी देऊ, की एक, की येईपर्यंत थांबू, एवढं कळव. मी इथे काचेशी बसलोय, तो समोर बसून झोपलाय. लवकर कळव.

भाऊजी